बायकोचा नशिमेंत

गोव्यातली माणसं पोर्तुगीज पासपोर्ट काढून विलायतेला जातात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण हे फक्त सासष्टी-बार्देशातल्या ख्रिश्चन घरांतच घडतं, असा अनेकांचा समज असतो. आमच्या पेडणे-डिचोलीतल्या हिंदू घरांतही घडतं. आमच्याच घरात घडलं.

2012 साली खाणी बंद पडल्या आणि डिचोली भागात ट्रकवाल्यापासून कारकुनापर्यंत सगळे घरी बसले. आमचा मुलगाही एका खाण कंपनीच्या हिशेबखात्यात होता. पस्तिशीच्या आत, पदरी लहान मूल. म्हणाला, "बाबा, जन्माचे कागद काढूया."

नियम असा, की 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्याची जन्मनोंद लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात चढली, की पोर्तुगाल त्याला जन्मापासूनचा नागरिक धरतं. मग मुलाबाळांनाही वाट मिळते.

आता गंमत पाहा. आमच्या कित्येक पिढ्या पेडण्यातल्या. पण पहिलं बाळंतपण माहेरी, या रीतीनं आई तेरेखोल नदी ओलांडून आरोंद्याला गेली आणि 1951 साली मी तिथे जन्मलो, म्हणजे स्वतंत्र भारतात. माझ्या वडिलांची नोंद काही केल्या सापडेना. माझ्या बाजूची वाट खुंटली.

सौ.चा जन्म 1956 चा. सासूबाईंचं माहेर दोडामार्गला, म्हणजे खरं तर तीही पलीकडेच जन्मायची. पण 1955 च्या ऑगस्टमध्ये सत्याग्रहींवर गोळीबार झाला, सरहद्दीवरची ये-जा जवळजवळ बंद झाली आणि सासूबाई सासरीच, डिचोलीत बाळंत झाल्या. भारत सरकारच्या नाकेबंदीमुळे माझी बायको कागदावर पोर्तुगीज ठरली!

तिचा नशिमेंत, म्हणजे जन्मदाखला, मिळाला. पोर्तुगीज भाषा, वळणदार हस्ताक्षर. माहेरचं नाव शांता. पोर्तुगीज लिहिण्यात 'श'ला एक्स, म्हणून ते एक्सपासून सुरू होणारं. लग्नात आम्ही तिचं नाव बदललं. आडनाव तर बदललंच. पासपोर्टवर एक, दाखल्यावर दुसरी. मी बँकेत असतो तर असा चेक 'नाव जुळत नाही' म्हणून सरळ परत केला असता. गोव्यात लग्नाची नोंद सक्तीची, ती 1977 ची नोंद उपयोगी पडली. वर प्रतिज्ञापत्र, की या दोन्ही बायका एकच.

घरात वाद झाला तो कागदांवरून नव्हे. माझा चुलतभाऊ म्हणाला, "ज्यांना घालवायला कर्नैलसिंग बेनीपाल पत्रादेवीला पडला, त्यांचंच कार्ड घेणार?" पत्रादेवी आमच्याच तालुक्यात. मला उत्तर सुचेना. सौ.च म्हणाली, "भावजी, कुठे जन्मायचं ते मी ठरवलं नव्हतं. मुलानं कुठे जगायचं, तेही मी ठरवू नये." आणि तिनं सही केली.

मुलगा 2015 ला स्विंडनला गेला, पुढच्या वर्षी सूनबाई आणि नातू. सुरुवातीला गोदामात रात्रपाळी. आता ऑफिसात आहे. दुसऱ्या नातवाच्या वेळी सौ.नंही पोर्तुगीज पासपोर्ट घेतला आणि गेली. भारतीय पासपोर्ट जमा केला, ओसीआय कार्ड काढलं. 31 डिसेंबर 2020 नंतर युरोपचा पासपोर्ट घेऊन नुसतं जाऊन राहण्याचं ते दार बंद झालं. त्यामुळे आता लोक विचारतात, तेव्हा मी आधी हे सांगतो. पुढचं तितकंच महत्त्वाचं: आपला देश दुहेरी नागरिकत्व देत नाही. ओसीआयवर राहता येतं, वारसाची जमीन मिळते. पण शेतजमीन विकत घेता येत नाही, मतही देता येत नाही. आमच्या ताळेबंदात जमेकडे मुलाचं मार्गी लागलेलं घर आहे. खर्चाची बाजूही मांडायला हवी.

आता सौ. वर्षातले आठ महिने माझ्याजवळ असते. 7 मे 2024 ला लोकसभेचं मतदान होतं. तिनं नेहमीसारखा माझा सदरा इस्त्री करून ठेवला, फाटकापर्यंत आली आणि म्हणाली, "जाऊन या. मी चहा टाकते." सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात मी पहिल्यांदाच एकटा मतदानाला गेलो.