ताठ शेवाळ

मराठीच्या प्राध्यापकाला 'शेवाळ' हा शब्द ठाऊक असतो. शेवाळ ठाऊक असतेच असे नाही. काही वर्षांपूर्वी देवगडकडच्या एका विद्यार्थिनीने निबंधात लिहिले होते की, लाट ओसरली की खडकावरचे शेवाळ पुन्हा ताठ उभे राहते. मी 'ताठ'खाली लाल रेघ ओढली आणि समासात शेरा दिला : शेवाळ बुळबुळीत असते, प्रतिमा तपासावी. दोन गुणही कापले. तिने वाद घातला नाही. पुढच्या निबंधांत मात्र तिचा समुद्र पुन्हा आला नाही, आणि ते मला तेव्हाही जाणवले होते.

माझे शेवाळ देशावरच्या विहिरीच्या पायऱ्यांवरचे. आणि खरे सांगायचे तर त्याहून अधिक पुस्तकांतले.

गेल्या हिवाळ्यात कुणकेश्वरला गेलो. सुकतीची वेळ होती. लाटा जिथे थेट येऊन आदळतात त्या खडकांच्या कडेला गर्द हिरवे, कुंचल्यासारखे झुबके होते. लाट फुटली की ते आडवे होत, पाणी परतले की उठत. ताठ! सोबतच्या वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्याने नाव सांगितले : कीटोमॉर्फा अँटेनिना. बोरी या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने १८०४ साली त्याचे वर्णन केले, तेही रियुनियन बेटावरच्या नमुन्यावरून. आपल्याकडच्या जुन्या याद्यांत तेच 'कीटोमॉर्फा मीडिया' म्हणून भेटते. (म्हणजे नावांचा घोळ केवळ आमच्याच विषयात नाही.) त्याने एक धागा उपटून तळहातावर ठेवला. फांदी कुठेच नाही. एकावर एक रचलेल्या पेशींची एकेरी माळ. पेशी इतक्या मोठ्या की भिंगावाचून मणी मोजता यावेत. बुडाची पेशी इतरांहून कितीतरी लांब, खडक धरून बसलेली. पेशीभित्ती जाड असते. राठपणा येतो तो तिच्यामुळे. 'कीटोमॉर्फा' म्हणजे केसाच्या, राठ केसाच्या रूपाचे. दोनशे वर्षांपूर्वीच्या शास्त्रज्ञांना आणि त्या मुलीला जे दिसले, ते मी शब्दकोशाच्या आधारे खोटे ठरवले होते.

जुन्या विद्यार्थ्यांकडून तिचा क्रमांक मिळवला. आता ती शाळेत मराठी शिकवते. निबंधाची आठवण दिली. चूक माझी होती, असे सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता.

"सर, तिथे घसरला नाहीत ना?" ती म्हणाली. "त्याच्या शेजारचं मात्र बुळबुळीत असतं."