चुनखडीच्या देशातील पाणी

नागपूरहून पूर्वेकडे जाणाऱ्या आगगाडीत आपण बसलात, तर गोंदिया, डोंगरगड व राजनांदगाव ही स्थानके मागे पडतात आणि दुर्गच्या अलीकडे गाडी शिवनाथ नदी ओलांडते. पुढे थोड्याच वेळात उंच धुरांडी दृष्टीस पडतात. हीच भिलाई. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात येथील पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या वेळी मध्य प्रदेशात असलेले हे शहर २००० सालापासून छत्तीसगड राज्यात आहे.

भिलाईच्या पोलादाविषयी आपण पुष्कळ ऐकले असेल. आज आपण तिच्या पाण्याविषयी बोलू.

पोलाद तयार करण्यास लोहखनिज, कोळसा, चुनखडी आणि पाणी या चार वस्तू मुबलक लागतात. लोहखनिज दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरातून आले, कोळसा आगगाडीने आला आणि चुनखडी तर जवळच नंदिनी येथे मिळाली. शेजारच्या जामुलला सिमेंटचा कारखाना उभा राहिला, तोही याच दगडाच्या बळावर. कारखानदारास वरदान ठरलेला हा दगड गृहिणीस मात्र थोडा त्रासदायकच!

याचे कारण सोपे आहे. पावसाचे पाणी जमिनीत मुरताना मातीतील कार्बन डायऑक्साइड वायू शोषून घेते व किंचित आम्ल बनते. असे पाणी चुनखडीच्या भेगांतून वर्षानुवर्षे झिरपत राहिले, म्हणजे तो दगड कणाकणाने विरघळवते. कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार त्यात उतरतात. शालेय पुस्तकांत अशा पाण्यास ‘दुष्फेन’ म्हणतात. आपल्या घरांत त्याचे नाव ‘जड पाणी’. त्यात साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही आणि पाणी तापविण्याच्या भांड्याच्या बुडाशी पांढरे पुट बसते.

भिलाईच्या प्रत्येक नळाला असेच पाणी येते काय? मुळीच नाही. कारखान्याच्या वसाहतीचे पाणी जमिनीखालून येत नाही. बालोदजवळ तांदुला व सुखा या नद्यांच्या संगमावर शेतीसाठी बांधलेला जुना जलाशय आहे. तेथून व त्याच्या जोडीच्या गोंदली जलाशयातून कालव्याने पाणी निघते आणि सुमारे ६० किलोमीटरचा प्रवास करून कारखान्यालगतच्या मरोदा तलावात साठते. महानदीवरील गंगरेल धरणाचाही पुढे या कामी उपयोग झाला. हे बहुतेक पावसाचेच साठविलेले पाणी असल्याने त्याचा खडकाशी सहवास थोडा, आणि म्हणून ते तुलनेने हलके. महानगरपालिकेच्या वस्त्यांना शिवनाथ नदीचे पाणी शुद्ध करून दिले जाते. मात्र जेथे विंधण-विहीर किंवा हातपंप हाच आधार, तेथे चुनखडीचा अंमल सुरू होतो. अशा रीतीने एकाच शहरात तीन पाणी नांदतात. एखादे कुटुंब वसाहतीतील घर सोडून विंधण-विहिरीच्या वस्तीत राहावयास गेले, तर हवामान तेच राहील, पण डाळ शिजण्यास लागणारा वेळ बदलेल.

आता मुख्य प्रश्न. जड पाणी आरोग्यास अपायकारक आहे काय? भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरे पाणी नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेता येते. जागतिक आरोग्य संघटनेने तर आरोग्याच्या कारणासाठी अशी मर्यादाच घातलेली नाही. क्षार त्रास देतात ते मुख्यतः भांड्यांना, कपड्यांना व सरपणाच्या खर्चाला. पाणी उकळले, की त्यातील काही क्षार तळाशी बसतात व ते थोडे हलके होते. रोगजंतू मरतात हा आणखी लाभ. भांड्यातील पुट लिंबाच्या रसाने सुटते. तुरटीने गढूळपणा जातो, क्लोरीनने जंतू मरतात. जडपणा मात्र या दोहोंनी जात नाही, हेही ध्यानी असावे. क्षार गाळणारी विजेची यंत्रे आज घरोघर दिसतात. परंतु ती पुष्कळ पाणी वाया घालवितात. मुळात हलके पाणी येणाऱ्या घरात त्यांची गरजच काय?

वाचकहो, खरे भय दिसणाऱ्या पुटाचे नाही, न दिसणाऱ्या दोषाचे आहे. राजनांदगावच्या पलीकडे, अंबागड चौकीच्या परिसरात कौडीकसा नावाचे गाव आहे. तेथील भूजलात आर्सेनिक हे विष आढळले. ते पाणी नितळ दिसते. विषाला रंग नाही, वास नाही, रुचीही नाही. साबणाच्या फेसावरून ते ओळखता येत नाही. प्रयोगशाळेत तपासणी हाच एक मार्ग. शिवाय शुद्ध पाणीही हलगर्जीपणाने साठविले तर घातक ठरते. २०१८ च्या पावसाळ्यात भिलाईत डेंगीची साथ पसरली व माणसे दगावली. डेंगीचा डास घाण गटारात नव्हे, तर कूलरमध्ये, उघड्या टाकीत, स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो.

छत्तीसगडच्या खेड्यांत तलावाला ‘तरिया’ म्हणतात. गावोगावी अशा तरिया आहेत आणि कित्येकांच्या मध्यभागी लाकडी खांब उभा दिसतो. तो तलावाच्या विवाहाचा खांब! आपल्या तलावाचे लग्न लावणाऱ्या लोकांना पाण्याची किंमत निराळी सांगावी लागत नाही. शहरात नळ सोडताना मात्र तिचे विस्मरण होते. पाऊस कमी पडला, की तांदुलाच्या त्याच पाण्याकडे धानाचा शेतकरी, पोलादाची भट्टी आणि घरातील घागर हे तिघेही आशेने पाहत असतात.

आपल्या घरी येणारे पाणी कोठून येते, याची चौकशी आपण कधी केली आहे काय? नदीतून, धरणातून की खडकातून? विहिरीचे वा हातपंपाचे असेल, तर वर्षातून एकदा त्याची तपासणी करून घ्या. साठा झाकून ठेवा आणि आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करा. मग भांड्याच्या बुडाशी थोडे पांढरे पुट दिसलेच, तर घाबरू नका. आपल्या पायाखालच्या भूमीनेच ते पाठविलेले असते.