ज्यांचं सुतक पाळत नाहीत

तुझं सुतक नसतं.

दहावा नाही, तेरावा नाही. पिंड नाही, म्हणून शिवायला कावळाही नाही. तू जातोस त्या दिवशी घरात चूल पेटते, धारा काढल्या जातात, दूध डेअरीला जातं. अंगणातल्या तुझ्या जागेवर ऊन येतं. रोजच्या वेळेला येतं. तुझ्या अंगानं गुळगुळीत झालेल्या मातीवर जरा वेळ थांबतं आणि पुढं सरकतं.

मी गुरांचा डॉक्टर. माणदेशातल्या, फलटणपासून दहिवडी-म्हसवडपर्यंतच्या कोरड्या मुलखात मला बोलावणं यायचं ते गाईसाठी, म्हशीसाठी, अडलेल्या शेळीसाठी. तुझ्यासाठी कधी नाही. माझं काम उरकायचं, हात धुवायला पाणी पुढं यायचं, आणि मग कुणीतरी जमिनीकडं बघत म्हणायचं, "डाक्टर, जाता जाता जरा ह्येच्याकडं बगा की."

बोलणाऱ्याचे डोळे रात्रभर जागलेले असायचे.

तू भिंतीच्या कडेला. सावलीत. शेपटीचं फक्त टोक हलवत.

तुझं काळीज मी ऐकलं आहे. ते एका तालात चालत नाही. श्वास आत घेतलास की ठोके भराभर पडतात, सोडलास की सैलावतात, एकेक ठोका लांब जाऊन पडतो. निरोगी कुत्र्याचं काळीज असंच चालतं. त्या दोन ठोक्यांमधली पोकळी मला पाठ झाली होती. तिच्या पलीकडं पुढचा ठोका उभा असायचा, हमखास. आणि एखाद्या दुपारी ती पोकळी लांबायची. आणखी लांबायची. नळी माझ्या कानाला, मालकाची नजर माझ्या तोंडाकडं, आणि मी ऐकत राहायचो, ऐकत राहायचो.

मग नळी काढायची. बोलावं लागत नसे.

अंग मात्र ऊनच. 101, 102 फॅरनहाइट ही तुझी रोजची ऊब. माणसाच्या तळहाताला तू जन्मभर थोडा तापलेलाच लागलास. म्हणून तो तळहात कळूनही उठत नाही. "अजून गरम हाय वो," म्हणतात. असतं. थोडा वेळ असतं.

आणि तू, धनगरवाड्यावरच्या खंड्या! दिवाळी सरली की कोकणाच्या अंगाला घाट उतरणाऱ्या मेंढरांच्या मागं, घोड्याच्या पाठीवर बांधलेल्या बिऱ्हाडाच्या, बिऱ्हाडावर बसलेल्या कोंबड्यांच्या आणि झोळीतल्या तान्ह्या जिवाच्या बाजूबाजूनं, गळ्यात टोकदार खिळ्यांचा पट्टा, पायांत कुणाच्या कुणाच्या शेतांची ढेकळं, दिवसा मुकाट चालणारा आणि रात्र पडली की मेंढरं जाळीच्या आत, माणसं घोंगडीच्या आत अशी निजवून सगळ्या अंधाराच्या तोंडावर एकटा बसणारा, लांडग्याचा वास वाऱ्यावर आला की पाठीवरचा केस न् केस उभा करून उठणारा, भाकरीच्या तुकड्यावर इतकी मोठी राखण पत्करलेला तू, पावसाच्या तोंडाला वाडा माघारी आला तेव्हा त्याच्यात नव्हतास.

नुसता पट्टा आला.

म्हाताऱ्यानं तो पिशवीतून काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. "घाटात ऱ्हायला," म्हणाला. खिळ्यांना गंज चढला होता. आतल्या कातड्याला तुझे केस चिकटले होते, पिवळसर, आखूड. कशानं गेलास ते मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. बाहेर गाई हंबरत होत्या, रांग खोळंबली होती, आणि आम्ही दोघं त्या पट्ट्याशी बसून होतो.

नोंदवहीत मालकाचं नाव लिहितात. गाव लिहितात. जनावर कोणतं, नर की मादी, वय किती. तुझ्या नावाला रकाना नाही. खंड्या, मोत्या, वाघ्या, काळू, चंपी... माझ्या अक्षरात तुम्ही सगळे नुसते 'कुत्रा'. त्या वह्यांची पानं पिवळी पडली आहेत. मला अजून सलतं ते.

तुमच्यातले काही असे, की शेवटी त्यांना कुणाला शिवताही आलं नाही. पिसाळलेले. दाराला कडी, पोरं माळ्यावर, काठीनं पुढं सरकवलेली पाण्याची वाटी आणि तो घोट घशाखाली न उतरणारा. त्या दुखण्यानं एकदा तोंड दाखवलं की माझ्या पेटीत तुमच्यासाठी काही उरत नसे. एका घरची म्हातारी लांब उभी राहून हाक मारत होती. रोजची हाक. तू मान वळवलीस. ओळखलंस का रे? मला वाटतं, ओळखलंस.

तुझ्या डोळ्यांच्या मागं एक चकाकता पडदा असतो. अंधारातला चिमूटभर उजेडही तो वाया जाऊ देत नाही, उलटा फिरवतो, पुन्हा डोळ्यांतून धाडतो. अपरात्री वस्तीची वाट धरली की बॅटरीच्या झोतात आधी ते दोन हिरवे ठिपके लागायचे. घर मागनं दिसायचं. आता झोत जातो. बाभळीवर पडतो, कडब्याच्या गंजीवर पडतो, रिकाम्या ओट्यावर पडतो. गेलेला उजेड परत येत नाही.

मार्गशीर्षात चंपाषष्ठी येते. खंडोबाची तळी भरतात, भंडारा उधळतात, भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो, आणि त्यातला घास कुत्र्याला घालतात. तू देवाचा. त्या एका दिवशी तुझा मान पाटावरच्या माणसाइतका. तू गेलास त्या वर्षी घरची बाई तो घास घेऊन अंगणात आली. सवयीनं आली. हाक ओठांपर्यंत आली होती, ती मी पाहिली. उन्हात उभी राहिली, हातावर रोडगा, पिवळ्या बोटांना भरिताचा वास. वाटेवरचं एक कुत्रं आलं. तिनं त्याला घास घातला, कुरवाळलं नाही. तशीच आत गेली. आत माणसं जेवत होती.

कुत्र्यासाठी रडायचं नसतं, अशी रीत आहे. म्हणून लोक माझ्या दवाखान्यामागच्या लिंबाखाली येऊन रडले. गुराची औषधं घेण्याच्या निमित्तानं आले, चिठ्ठी हातात धरून रडले, तोंड धुऊन घरी गेले.

ही रीत मला कबूल नाही.

तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत कुणाच्या दारातलं कुत्रं गेलं असेल, तर दुसरं आणा असं इतक्यात सांगू नका. जाऊन बसा त्यांच्यापाशी. आणि त्याचं नाव काय होतं, तेवढं विचारा.