मायचा फोन आणि ३ गुण

आमच्या होस्टेलवर दोन प्रकारची पोरं राहतात. एक रोबोट बनवणारी आणि दुसरी "तुमचा रोबोट चालेल कधी बे?" असं विचारणारी. मी दोन्हींत नव्हतो. म्हणून की काय, गॅदरिंगच्या रोबोट-कुस्तीचे नियम लिहायचं आणि मोबाईलवरून रोबोट चालवायचं अ‍ॅप बनवायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. शिवाय पंचही मीच!

आधी गुणांचं पाहिलं. अमेरिकेतल्या 'बॅटलबॉट्स'मध्ये लढत नॉकआउटशिवाय संपली, तर प्रत्येक पंचाच्या हातात ११ गुण असतात. नुकसानीचे ५, आक्रमकतेचे ३, ताब्याचे ३. पण आपल्याकडे नुकसानीला गुण देऊन कसं चालेल? त्याच मोटारी फायनल इयरच्या प्रोजेक्टला लावायच्या असतात, आणि त्या घेतलेल्या असतात चहा-नाश्त्याचे पैसे वाचवून. म्हणून आम्ही नुकसानीला शून्य गुण ठेवले.

मग ठरलं, प्रत्येक धडकेला १ गुण. ट्रायलमध्येच त्याचा बोऱ्या वाजला. दोन्ही रोबोट नुसते टकरा देत सुटले, कोणी कोणाला धडक दिली तेच कळेना. पोरांचा काय दोष? ज्याला गुण, तेच पोरं करणार.

उत्तर सापडलं कुस्तीत. जत्रेतल्या मातीच्या कुस्तीत पाठ टेकली की चितपट, हिशोबच नाही. मॅटवर मात्र गुण असतात, आणि फ्रीस्टाईलमध्ये टाळाटाळ करणाऱ्याला ३० सेकंदांची मुदत मिळते. तेवढ्यात कोणीच गुण घेतला नाही, तर समोरच्याला १ गुण. तेच उचललं. आठ बाय आठ फुटांचं प्लायवूड, कडेला पांढरा पट्टा, लढत ३ मिनिटांची. पट्ट्याबाहेर घालवलं तर ३ गुण, उलटं केलं तर २, पळपुटेपणाचा १ गुण समोरच्याला. रोबोट स्वतःहून बाहेर गेला तरी समोरच्याला ३. हा नियम लिहिताना मी स्वतःवर फार खूश होतो.

आता कंट्रोल. पूर्वी सिनिअर लोक डीटीएमएफवाला रोबोट करायचे. एक फोन रोबोटवर बांधायचा, दुसऱ्यावरून त्याला कॉल लावायचा आणि बटणं दाबायची. २ म्हणजे पुढे, ५ म्हणजे थांब. प्रत्येक बटणाचे दोन सूर, ते एमटी८८७० नावाची चिप ओळखायची. आम्ही ब्लूटूथचं एचसी-०५ मॉड्यूल लावलं. बटण दाबलं की 'एफ' जाणार, बोट उचललं की 'एस' जाणार आणि रोबोट थांबणार. सोपं काम!

फायनलला माझा रूम पार्टनर होता. २ गुणांनी पुढे, शेवटची २० सेकंदं. त्याने समोरच्याला कोपऱ्याकडे रेटत नेलं, आणि त्याच्या मोबाईलची रिंग वाजली. स्क्रीनवर 'माय'. कॉल आला तसं अ‍ॅप मागे गेलं. त्याने बोट उचललं, पण 'एस' काही गेला नाही. समोरचा बाजूला सरकला आणि याचा रोबोट सरळ पट्ट्याबाहेर!

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी कागद पाहिला आणि समोरच्याला ३ गुण दिले. पार्टनर एका गुणाने हरला. भांडला नाही. कोपऱ्यात जाऊन बोलत होता, "हो माय, जेवलो." जेवला नव्हता.

रात्री मला झोप लागेना. चूक त्याच्या हाताची नव्हती, माझ्या अ‍ॅपची होती. गंमत म्हणजे ही चूक जुनीच. डीटीएमएफच्या चिपचं आउटपुटही बटण सोडल्यावर तसंच राहायचं, ५ दाबेपर्यंत रोबोट चालतच राहायचा. फरक एवढाच, की तेव्हा कॉल असला तर रोबोट चालायचा, आणि आमच्याकडे कॉल आला म्हणून हाताबाहेर गेला.

सकाळी मी दोन गोष्टी बदलल्या. बटण दाबलेलं असेपर्यंत 'एफ' दर १०० मिलीसेकंदांनी जातो, आणि ३०० मिलीसेकंद काहीच आलं नाही तर रोबोट आपोआप थांबतो. दुसरं, सिग्नल तुटला तर गुण नाहीत, तो डाव पुन्हा. निकाल बदलला नाही, कारण जिंकणाऱ्याने काही लबाडी केली नव्हती. पण नोटीस बोर्डावर माझ्या सहीने लिहून लावलं, की फायनलचे ते ३ गुण कंट्रोलच्या चुकीमुळे गेले.

पार्टनरला म्हटलं, "पुढच्या वेळी सगळ्यांचे फोन फ्लाइट मोडवर टाकून फक्त ब्लूटूथ चालू ठेवू."

तो म्हणाला, "ठेव ना. पण तीन मिनिटांच्या वर लढत नको ठेवू बे. मायचा फोन लागला नाही, तर ती काळजी करत बसते."

लढत अजूनही ३ मिनिटांचीच आहे.