छातीइतके पाणी

मुंबईच्या माणसाने अलिबागेकडे जागा घेतली की पहिल्या दिवशी तो माड मोजतो, दुसऱ्या दिवशी विहिरीत डोकावतो आणि तिसऱ्या दिवशी पोहण्याच्या हौदाची भाषा सुरू करतो. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना हौद कशाला, असे विचारण्याची सोय नसते. समुद्राला भरती-ओहोटी आहे, वाळू आहे, ओढ आहे. घरच्या हौदाला फक्त घरची माणसे आहेत. पण त्या माणसांमुळेच पंचाईत होते. हौद किती खोल असावा आणि काठाला फरशी कोणती असावी, या दोन प्रश्नांवर एक चांगले गुण्यागोविंदाने नांदणारे कुटुंब कसे अटीतटीला येते, हे मी गेल्या वैशाखात नागावला पाहिले.

नागावला जाणे आता फार सोपे झाले आहे. २०२० साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यापर्यंत मोटारीसकट माणसे नेणारी रो-रो बोट सुरू झाली. मांडव्याहून अलिबाग, आणि अलिबागेहून दक्षिणेला निघालो की अक्षी, नागाव, चौल, रेवदंडा अशी अष्टागरातली गावे एकमेकांचा हात धरून उभी असल्यासारखी भेटतात. दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि उन्हातून वाडीत शिरले की माठाला हात लागावा तसा गारवा.

माझ्या मावसभावाची वाडी अशीच आहे. आम्ही त्याला दादा म्हणतो. दादाचे बालपण साताऱ्याकडच्या खेड्यात गेले आणि पाठीला भोपळा बांधून तो विहिरीत पोहायला शिकला. त्यामुळे त्याचे म्हणणे ठाम होते. ‘‘आठ फुटांच्या खाली बोलू नका. मुटका मारला आणि पाय तळाला लागले, तर त्याला काय पोहणं म्हणायचं?’’ वहिनींच्या डोळ्यांपुढे पाच वर्षांचा नातू होता. त्यांना अडीच फुटांवर इंचभरही पाणी नको होते. गवंडी बिचारा टेप हातात धरून दोघांकडे आळीपाळीने पाहत होता. तेवढ्यात ओट्यावरून अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मावशीने विचारले, ‘‘अरे, मलाही उतरायचंय पाण्यात. माझे पाय टेकतील ना?’’

हा प्रश्न तोवर कोणाला सुचलाच नव्हता.

दादाची विहीर खोल होती ती पिकासाठी. खाली जिथे झरा लागला तिथपर्यंत ती खणली गेली. पोरे तिच्यात पोहली, कारण गावात दुसरे पाणी नव्हते. हौदाला मात्र ऊस भिजवायचा नाही. त्यात माणसांनी उभे राहायचे, मुलांनी हातपाय मारायचे, म्हाताऱ्यांनी गुडघे शेकल्यासारखे पाण्यात हलवायचे. शिवाय आठ फूट ही खोली ना धड इकडची, ना तिकडची. पाय टेकत नाहीत, आणि सूर मारायलाही ती अपुरी. अमेरिकन रेड क्रॉसचा सल्ला असा, की डोक्याकडून सूर मारायचा तर पाणी निदान नऊ फूट तरी हवे. घरगुती हौदात तर खोल भाग चार हातांत संपतो आणि पुढे तळ वर चढू लागतो. जोरात सूर मारणाऱ्याचे डोके त्या चढावर आपटते आणि मानेचा मणका मोडतो.

गवंड्याने कागदावर हिशेब मांडला. हौद तीस फूट लांब आणि पंधरा फूट रुंद. एका टोकाला तीन फूट आणि दुसऱ्या टोकाला आठ फूट पाणी ठेवले, तर सुमारे ७० हजार लिटर लागते. तेच तीनपासून साडेचारपर्यंत ठेवले, तर सुमारे ४८ हजार. म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर वाचले. ज्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात विहिरी मचूळ होतात, तिथे ही बचत लहान नव्हे. उताराचेही तसेच. पहिल्या हौदात दर सहा फुटांना तळ फूटभर खाली जातो आणि ओल्या तळावर उभा असलेला माणूस नकळत खोलाकडे घसरतो. दुसऱ्यात तोच फूट वीस फुटांत उतरतो. पायाला कळतही नाही.

आणखी एक गोष्ट अष्टागरात विसरून चालत नाही. वैशाखात विहिरीत वाकून पाहावे लागते. श्रावणात तेच पाणी हाताला लागते. जमिनीतल्या या पाण्यात सिमेंटचा रिकामा हौद होडीसारखा वर उचलला जातो आणि तडकतो. जितका खोल, तितकी त्याला उचलणारी ताकद जास्त. म्हणून इथे पावसाळ्यात हौद कधी रिता करू नये, आणि बांधतानाच भोवतालच्या पाण्याला वाट ठेवावी.

दुसऱ्या दिवशी ओहोटी साधून मी आणि दादा अलिबागचा कुलाबा किल्ला पाहायला चालत गेलो. शिवाजी महाराजांनी १६८० साली या किल्ल्याच्या कामाला हात घातला. आत राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेले गणपतीचे देऊळ आहे आणि चोहोबाजूंनी खारे पाणी असताना मध्ये गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. दादा तिच्या पायऱ्यांवर बराच वेळ बसला. पायऱ्यांची खुबी अशी की ज्याला पाऊल भिजवायचे त्याने पाऊल भिजवावे, ज्याला गुडघाभर हवे त्याने गुडघाभर उतरावे. कोणाला उडी मारावी लागत नाही. दादा म्हणाला, ‘‘आईला अशाच पायऱ्या हव्यात.’’ खोलीचा वाद तिथेच मिटला.

उरला काठ. दादाने दुकानातून फरश्यांचे तुकडे आणून अंगणात मांडले: कडप्पा, गुळगुळीत कोटा, जांभा, पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरसबंदी आणि खडबडीत शहाबादी. दुपारी एक वाजता मावशीने त्यांवर तांब्याभर पाणी ओतायला लावले आणि दादाच्या दंडाला धरून एकेकावर अनवाणी पाऊल ठेवले. काळ्या कडप्प्यावरचे पाणी बघता बघता सुकले आणि मावशीने चटका बसून पाय मागे घेतला. कोट्याचा हिरवट रंग सर्वांना आवडला होता, पण ओला होताच तो साबणासारखा निसटू लागला. जांभा पायाला छान. मात्र तो पाणी पितो, पावसाळ्यात शेवाळतो आणि पोरांचे गुडघे सोलतो. पांढरे तुकडे गार खरे, पण डोळे दिपवणारे आणि बुळबुळीत. शहाबादी कोमट होती आणि तिच्या नैसर्गिक खरखरीवर पाऊल ठरत होते. ‘‘ही बरी,’’ मावशी म्हणाली, ‘‘आपल्या जुन्या मोरीतली.’’ गवंड्याने एकच बजावले: हा चुनखडीचा दगड आहे, डाग काढायला ऍसिड घ्याल तर दगडच जाईल.

काठ चार फूट रुंद ठरला. एकजण पाय सोडून बसला, तरी दुसऱ्याला मागून जाता यावे. चार फुटांत एक इंच उतार, आणि तोही हौदाबाहेर. नाहीतर पावलांची माती आणि माडाचा पाचोळा सगळा पाण्यात.

वहिनींची काळजी मात्र खोटी नव्हती. नातवाची उंची साडेतीन फूट. तीन फूट पाणी त्याच्या हनुवटीशी येते. बुडणारे मूल हाक मारत नाही. क्षणात गप्पपणे खाली जाते. शिवाय पाणी दिसते त्याच्यापेक्षा खोल असते. चार फुटांचा तळ वरून पाहणाऱ्याला तीन फुटांवरच भासतो. म्हणून पहिली पायरी ओसरीसारखी रुंद आणि जेमतेम फूटभर पाण्याखाली ठेवायची, भोवती चार फुटांचे कुंपण घालायचे, त्याचे फाटक आपोआप लागणारे, कडी मुलाचा हात न पोहोचणारी. आणि मूल पाण्यात असताना एका मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर बसायचे, ते गप्पा न मारता. हौद उथळ केला म्हणून यातले काहीही वगळता येत नाही.

अशा रीतीने तीन ते साडेचार फुटांवर सर्वांचे एकमत झाले. खोल टोकाला दादाच्या खांद्याशी पाणी येईल, मध्यावर मावशीच्या छातीशी. घरच्या हौदाची खोली ज्याला पोहता येत नाही त्याच्या मापाने घ्यावी. पोहणारा कुठेही पोहून घेतो. आणि फरशी दुकानात बूट घालून निवडू नये, अंगणात ओल्या पायांनी निवडावी.

पावसात खणणे शक्य नव्हते, म्हणून काम दिवाळीनंतर सुरू व्हायचे आहे. फरशी येऊन पडली आहे. मावशीने मात्र आत्तापासूनच त्यातल्या एका तुकड्यावर पाय धुवायला सुरुवात केली आहे.