सत्तावीस बरण्या

फायटर माशाचं ब्रीडिंग अवघड असतं अशी एक समजूत आहे. साफ खोटी. एक नर, एक मादी, वीतभर पाणी आणि थोडा एकांत, बस्स. उरलेलं सगळं नर स्वतः निस्तरतो. अवघड असतं ते त्यानंतरचं. सॉफ्टवेअरवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. पहिली रिलीज कोणीही करतो हो, मेंटेनन्सला कोण बसणार हा खरा प्रश्न!

कॉलेजात असताना डोंबिवलीच्या घरी माझ्याकडे फायटर होते. २००७ साली नोकरीसाठी पुण्याला गेलो आणि ते प्रकरण तिथेच थांबलं. मग लग्न, ठाण्यात घर, हप्ते, ऐरोलीचं ऑफिस वगैरे नेहमीचं. गेल्या वर्षी पुन्हा सुरू करायचं ठरवलं तेव्हा बायकोने एकच विचारलं, "पिल्लं किती होतात?"

म्हटलं, "दोनशे, तीनशे... कधी जास्तही."

"आणि ती कुठे ठेवणार?"

तिचा मुद्दा बरोबर होता. ठाण्याच्या आमच्या घरात एक टाकी मंजूर झाली, तीही हॉलच्या कोपऱ्यात. मग मोर्चा डोंबिवलीला वळला. आई म्हणाली, "बाल्कनीत माझी तुळस आणि कपडे राहतील, बाकी काय करायचं ते करा." बाबा काहीच बोलले नाहीत. टेप घेऊन बाल्कनी मोजायला गेले.

ज्यांना हा मासा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शास्त्रीय नाव बेट्टा स्प्लेंडेन्स, चार्ल्स टेट रीगन यांनी १९१० साली दिलेलं. (दुकानात सगळे 'बेटा' म्हणतात. आईला बराच वेळ वाटत होतं की दुकानदार मलाच बेटा म्हणतोय.) मूळचा थायलंडच्या भातखाचरांतला आणि उथळ डबक्यांतला. थायलंडने २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं. २०२२ साली त्याच्या जनुकांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार माणूस हा मासा किमान चारशे वर्षं पाळतो आहे. आधी झुंजीसाठी, मग रंगासाठी आणि शेपटीसाठी. उघडल्यावर अर्ध्या चंद्रासारखी दिसणारी 'हाफमून' शेपटी मात्र अगदी अलीकडची, १९८०च्या दशकातली.

याची सगळ्यात मोठी गंमत म्हणजे तो हवेत श्वास घेतो. कल्ले असतातच, पण डोक्यात एक जास्तीचं इंद्रिय असतं, लॅबिरिंथ. वर येतो, हवेचा घोट घेतो, खाली जातो. याचं महत्त्व मुंबईकरांना नाही कळायचं, आम्हाला कळतं. २००५-०६ च्या सुमारास मुंबईत दिवे लखलखत असायचे आणि आम्ही डोंबिवलीकर लोडशेडिंगच्या वेळापत्रकाप्रमाणे जेवायचो. हवेचा पंप बंद पडला की शेजारच्यांचे गोल्डफिश पृष्ठभागाशी येऊन तोंड वासायचे. माझे फायटर मजेत असायचे. मेणबत्तीच्या उजेडात तर जास्तच रुबाबदार दिसायचे.

तर ब्रीडिंग. मोठी टाकी घ्यायची पण पाणी चार-पाच इंचच भरायचं. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून, वर क्लोरीन घालवणारं औषध टाकून. तापमान सत्तावीस-अठ्ठावीस. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारी सोडला तर हीटर लागतच नाही, तेवढा एक फायदा इथल्या घामट हवेचा. पाण्यात बदामाचं वाळलेलं पान सोडायचं. काजूबरोबर खातो तो बदाम नव्हे, आपल्या रस्त्याकडेला असतो तो देशी बदाम. पान पाण्यात रंग सोडतं, पाणी चहासारखं दिसायला लागतं, आणि माशांना ते मानवतं. दुकानात हीच पानं पाकिटात घालून विकतात. बाबा सकाळी फिरायला गेले की खिशात चार पानं घेऊन येतात. फुकट.

मादीला सुरुवातीला एका काचेच्या बरणीत बंद करून टाकीत ठेवायचं. तिला पाहून नर आधी फुगून दाखवतो, मग एकदम घरबांधणीला लागतो. तोंडाने एकेक बुडबुडा सोडत पानाखाली फेसाचं घरटं करतो. मादी तयार असली की तिच्या अंगावर उभे पट्टे येतात. मग तिला सोडायचं. थोडी पळापळ, थोडे चावे, आणि मग ते सुप्रसिद्ध आलिंगन. नर तिच्याभोवती स्वतःला गुंडाळतो, दोघं क्षणभर निपचित, आणि खाली पांढरी अंडी गळायला लागतात. नर भानावर येतो, अंडी तोंडात गोळा करतो, वर जाऊन एकेक घरट्यात चिकटवतो. काही तास हेच.

अंडी संपली की मादीला लगेच काढायचं, नाहीतर नर तिला मारतो. त्याच्या लेखी आता ती अंडी खाणारी परकी बाई. दीड-दोन दिवसांत अंडी फुटतात. पिल्लं दोन-तीन मिलिमीटरची, शेपूट खाली करून घरट्याला लटकलेली. एखादं सुटून खाली पडलं की बाप जातो, तोंडात घेतो, पुन्हा वर लावतो. दिवस-रात्र, न जेवता.

बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. मी मोबाईलचा टॉर्च मारून शोधत होतो आणि ते मागून म्हणाले, "अरे, ते बघ स्वल्पविराम लटकलेत." आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस, त्याला दुसरं काय दिसणार!

आणखी दोन-तीन दिवसांनी पिल्लं आडवी पोहायला लागली की बापालाही काढायचं. इथे नराचं काम संपतं आणि आपलं सुरू होतं.

पिल्लांना पहिले काही दिवस डोळ्याला न दिसणारे जीव लागतात. सुकलेली पानं पाण्यात कुजवून ते तयार करता येतात. (वासाबद्दल आईचं मत इथे छापण्यासारखं नाही.) मग आर्टेमिया. त्याची सुकी अंडी डब्यात मिळतात, वर्षानुवर्षं झोपून राहतात. मिठाच्या पाण्यात घालून खालून हवा सोडली की साधारण एका दिवसात नारिंगी ठिपके हलायला लागतात. ते गाळून दिवसातून तीन-चार वेळा घालायचे. पूर्वी मी सरळ डासांच्या अळ्या द्यायचो, त्यापेक्षा चांगलं खाणं नाही. पण पावसाळ्यात महापालिकेची माणसं घरोघरी पिंपं तपासत फिरतात, आणि अळी ते डास हा प्रवास आठवड्याभराचाच असतो. बाबांनी स्पष्ट सांगितलं, "डेंग्यूची शेती आपल्या घरात नाही."

मंगळवार ते गुरुवार मी ऐरोलीला. म्हणजे चार वेळचं खाणं बाबांकडे. मी त्यांना एक्सेल शीट करून दिली. त्यांनी ती नीट पाहिली, दोन शुद्धलेखनाच्या चुका काढल्या आणि शंभर पानी वही आणली. वेळ, खाणं, तापमान, 'मृत'. मृतचा रकाना पहिल्या पंधरवड्यात रोज भरत होता. ते होतंच. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास लॅबिरिंथ तयार होतो, पिल्लं हवेचा पहिला घोट घ्यायला वर येतात. तेव्हा टाकी काचेने घट्ट झाकावी लागते, वरची हवा पाण्याइतकीच उबदार राहायला हवी. शनिवारी मी ठाण्याहून गेलो की बाबा आधी वही उघडायचे, मग चहा. निवृत्तीनंतर बाबा आणि मी फोनवर 'जेवलास का', 'जेवलो' याच्यापुढे फारसं जात नव्हतो. आता अर्धा अर्धा तास बोलत होतो. विषय एकच, पण बोलत होतो.

दोन महिन्यांनी एकसष्ट मासे उरले. चौतीस माद्या, सत्तावीस नर. माद्या एका मोठ्या टाकीत भरपूर झाडं लावून, कुरबुरी करत का होईना, राहतात. नर नाही. एकाच आईची पोरं, एका टाकीत वाढलेली, पण रंग भरायला लागला की एकमेकांचे पर फाडायला सुरुवात. प्रत्येकाला स्वतंत्र खोली हवी! वन-रूम-किचनमध्ये सहा माणसं वाढलेल्या गावात हा मासा असली मागणी करतो, म्हणजे कमाल आहे.

सत्तावीस नर, सत्तावीस बरण्या. अडीच लिटरची एक, वर जाळीचं झाकण, कारण पठ्ठे उड्या मारतात. एकमेकांना दिसले की दिवसभर फुगून दमतात, म्हणून मधे पडदे. बाबांनी जपून ठेवलेल्या जुन्या लग्नपत्रिका अखेर कामी आल्या. एक दिवसाआड अर्धं पाणी बदलायचं म्हणजे दोन बादल्या. ते जुनं पाणी तुळशीला. तुळस इतकी माजली की आईचा विरोध मावळला.

एका दुकानदाराने सगळे एकदम घ्यायची तयारी दाखवली. पैसेही बरे देत होता. त्याच्याकडे फायटर कसे असतात ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. ग्लासभर पाणी, ओळीने मांडलेले, वळलं की शेपूट प्लॅस्टिकला घासतं. मासा मरत नाही, हवेवर तग धरतो. आणि तग धरतो म्हणूनच त्याला तसं ठेवलं जातं. लोडशेडिंगमध्ये मला जो त्याचा गुण वाटायचा तोच त्याचा घात आहे.

मी बाबांना व्यवहार सांगितला. ते बरणीकडे बघत म्हणाले, "मी तीस वर्षं लोकलला लटकलो. माणूस मरत नाही त्याने. पण यांना निदान वळायला जागा असू दे."

दुकानदाराला नाही म्हटलं.

मग आम्ही अटी लिहिल्या. किमान दहा लिटरची टाकी, झाकण, एका टाकीत एकच नर, थंडीत हीटर. कंटाळा आला तर आम्हाला परत द्या, पण तलावात किंवा नदीत सोडू नका. हे मासे इथले नाहीत. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकल्यावर आधी चाळीस जणांनी हात वर केले, अटी वाचून वीस उरले. शेवटी टाकी दाखवून मासा नेणारे एकोणीस निघाले. माद्यांना तुलनेने लवकर घरं मिळाली. आठ नर अजून डोंबिवलीच्या बाल्कनीत आहेत. आता एकेकाला मोठी बरणी मिळाली आहे.

फायटर साधारण तीन वर्षं जगतो. म्हणजे ही आठ जणांची जबाबदारी पुढची काही वर्षं आहेच. मला नवी जोडी लावायची आहे, प्लाकाट, आखूड शेपटीचे. बाबांना विचारलं. त्यांनी वही उघडली, शेवटच्या पानावर नावांची यादी दाखवली. मासा हवाय पण टाकी अजून नाही, अशा लोकांची. बारा नावं आहेत.

"वीस होऊ देत," म्हणाले, "मग लाव."