हे बल कोण लावते?

इतिहासाच्या शिक्षकाने स्मरणिकेत भौतिकशास्त्रावर लिहावे, याचे वाचकांस नवल वाटेल. परंतु वसतिगृहातील रात्रीच्या अभ्यासिकेत बसणाऱ्या शिक्षकास विषयांच्या भिंती पाळता येत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात अकरावीची एक विद्यार्थिनी वर्तुळाकार गतीचे उदाहरण घेऊन आली. विज्ञान शाखा सोडावी, असे तिच्या मनाने घेतले होते. उदाहरण असे : २० मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर गाडी ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने जाते, ती घसरेल काय? तिने आकृतीत गाडीला बाहेर ढकलणारा बाण काढला होता. मी विचारले, "हे बल कोण लावते?" पृथ्वी खाली ओढते, रस्ता वर तोलून धरतो, टायर व रस्ता यांच्यातील घर्षण आत ओढते. बाहेर ढकलणारे कोणीच सापडेना. तिने बाण खोडला.

मग वाट मोकळी झाली. वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागले; केंद्राकडील त्वरण ५ आले. घर्षणगुणांक कोरड्या रस्त्यावर ०.७ धरला, तर घर्षण सुमारे ७ पर्यंत त्वरण देऊ शकते; ओल्या रस्त्यावर ०.४ धरला, तर जेमतेम ४. म्हणजे पावसात गाडी घसरणार. वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आत हवा. समीकरणातून वस्तुमान निघून गेलेले पाहून ती म्हणाली, "सर, म्हणजे जीप भरलेली असो की रिकामी, घसरण्याची मर्यादा तीच!" तिचे वडील खडकवासल्याहून डोणजेमार्गे सिंहगडाच्या घाटात प्रवासी जीप चालवतात.

हा बाण खोडण्यास युरोपातील विद्वानांनाही वेळ लागला. सिंहगडाची लढाई १६७० ची. त्यानंतर तीन वर्षांनी डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यांनी या गतीचे नियम प्रसिद्ध केले. मात्र त्यांनी त्या बलास केंद्रापासून दूर पळणारे म्हटले. केंद्राकडे ओढणारे, अर्थात अभिकेंद्री, हे नाव न्यूटन यांचे. त्यांचा महाग्रंथ १६८७ चा.

ती विद्यार्थिनी आज विज्ञान शाखेतच आहे. आपली अनेक मुले घरातून विज्ञानाकडे जाणारी पहिलीच आहेत. पालकांनी भौतिकशास्त्र शिकलेले नसले तरी चालेल. मूल आकृतीपाशी अडले, तर प्रत्येक बाणावर बोट ठेवून एवढेच विचारावे : हे बल कोण लावते?